गरोदर बाईचं रक्त कमी का राहते? झरी जामणी तालुक्यात ताटापासून शेतापर्यंतची कारणं

झरी जामणी (तालुका प्रतिनिधी) : ज्या घरात मागच्या वर्ष-दोन वर्षांत बाळंतपण झालं, त्या घरचं फडताळ उघडून बघा. नाहीतर कुडाच्या भिंतीले खिळ्याला अडकवलेली औषधाची पिशवी बघा. लाल गोळ्यांची पाकिटं त्यात अर्धी-मुर्धी पडलेली असतात. दोन-चार गोळ्या काढलेल्या, बाकी तशाच. या गोळ्या सरकार फुकट देते, आशाताई घरपोच आणून देते, आणि तरी त्या पोटात जात नाहीत. गरोदर बाईचं रक्त कमी असण्याचा प्रश्न समजून घ्यायचा तर या पाकिटापासून सुरुवात करावी लागते. पण पाकिटावर थांबून चालत नाही, कारण गोळी का खाल्ली नाही याचं उत्तर दवाखान्यात कमी आणि घरात, शेतात जास्त सापडते.

लोहाच्या गोळ्या वाटण्याचा देशपातळीवरचा कार्यक्रम १९७० सालचा आहे. २०१३ मध्ये त्याचं नवं रूप आलं आणि २०१८ पासून ‘ॲनिमिया मुक्त भारत’ सुरू झालं. एवढं होऊनही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १०० गरोदर बायांपैकी ५२ जणींचं रक्त कमी निघालं. त्याआधीच्या पाहणीत हा आकडा ५० होता, म्हणजे कमी होण्याऐवजी वाढला. महाराष्ट्रात गरोदर बायांचा आकडा ४९ वरून ४६ च्या घरात उतरला, पण १५ ते ४९ वयाच्या सगळ्या बाया धरल्या तर तो ४८ वरून ५४ वर गेला. त्याच पाहणीप्रमाणे देशात पूर्ण १८० दिवस गोळ्या खाल्लेल्या माता फक्त २६ टक्के. ही सरासरी मुंबई-पुण्यापासून आपल्यापर्यंत सगळ्यांची मिळून आहे, हे ध्यानात ठेवून पुढचं वाचा.

रक्त कमी म्हणजे किती कमी

बोलताना आपण ‘रक्त कमी आहे’ म्हणतो, पण रक्ताचं माप कमी नसते. रक्तातलं हिमोग्लोबिन, म्हणजे जो लाल पदार्थ अंगभर प्राणवायू वाहून नेते, तो कमी असते. गरोदरपणात हे ११ ग्रॅमच्या वर पाहिजे. १० ते १०.९ म्हणजे सौम्य, ७ ते ९.९ म्हणजे मध्यम आणि ७ च्या खाली गेलं की तीव्र. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये चौथ्या ते सहाव्या महिन्यासाठी ११ ऐवजी १०.५ ही रेघ धरली, कारण त्या काळात अंगातलं पाणी वाढून रक्त थोडं पातळ होतेच. दुधात पाणी घातलं तर मलई पातळ दिसते, तसं. पण ८ किंवा ७ हे पातळ होण्यानं होत नाही, तिथं खरीच कमतरता असते.

लक्षणं सगळ्यांना माहीत आहेत, पण ती आजाराची म्हणून कोणी मोजत नाही. धाप लागणे, डोकं दुखणे, उठताना अंधारी येणे, पायाला सूज, तळहात आणि डोळ्याची खालची पापणी आतून पांढुरकी. ‘गरोदरपणात असं होतेच’ हे सासू म्हणते, शेजारीण म्हणते, आणि बाईही म्हणते. आणखी एक खूण लक्षात ठेवावी. काही बायांना माती, चुलीची खापरी, खडू, कच्चे तांदूळ खावेसे वाटतात. याला डोहाळे समजून हसण्यावारी नेतात. लोह कमी असल्याची ती फार जुनी ओळखीची खूण आहे, आणि मातीतून पोटात जंत जातात ते वेगळंच.

बोटाला सुई टोचून एका थेंबावर यंत्रात आकडा दिसते. नोंदणीच्या वेळी आणि नंतर प्रत्येक तपासणीत हा आकडा बघितला पाहिजे आणि कार्डावर लिहिला पाहिजे. वाचकांना एवढीच विनंती की घरी कोणी गरोदर असेल तर आज ते कार्ड काढून आकडा वाचा. पुष्कळ घरी बाईला स्वतःचा आकडा माहीत नसते, नवऱ्याला तर नाहीच. बैलाचं वजन, कापसाचा भाव, सोयाबीनची आर्द्रता आपल्याला तोंडपाठ असते.

पोट दिसण्याच्या आधीपासूनची गोष्ट

एका गरोदरपणाला साधारण १,००० मिलीग्रॅम लोह जादा लागते. बाळाला, वारेला, वाढलेल्या रक्ताला आणि बाळंतपणात जाणाऱ्या रक्ताला. एवढं नऊ महिन्यांत नुसत्या जेवणातून भरून निघत नाही, म्हणून अंगात आधीचा साठा पाहिजे. साठाच नसेल तर पहिल्या महिन्यापासून उधारीवर काम चालू होते. आपल्याकडे पोरगी वयात आली की दर महिन्याच्या पाळीत लोह जाते, ताटात तेवढं येत नाही, आणि तिची स्वतःची उंची वाढायची असते तेव्हाच लग्न ठरते. राज्यात २० ते २४ वयाच्या बायांपैकी जवळपास २२ टक्के जणींचं लग्न १८ च्या आत झालेलं होतं, हे त्याच पाहणीतलं. १७ वर्षांच्या पोरीच्या अंगात दोघांना वाटून घ्यायला काही शिल्लक नसते.

दुसरं कारण दोन बाळंतपणांतलं अंतर. पहिलं पोरगं अंगावर पीत असताना दुसऱ्याचे दिवस राहिले तर साठा भरायला वेळच मिळत नाही. तीन वर्षांचं अंतर ठेवा असं डॉक्टर सांगतात ते यासाठी. मुलगा पाहिजे म्हणून तिसरं-चौथं बाळंतपण हे आपल्याकडे अजूनही होते, आणि त्यात दरवेळी आकडा थोडा थोडा खाली जाते.

ताट बदललं, कारण शेत बदललं

ही गोष्ट मी शेतकरी म्हणून सांगतो. आमच्या लहानपणी कापसाच्या वावरात नुसता कापूस नसायचा. तुरीची ओळ असायची, मधात बरबटी, मूग, उडीद, अंबाडी. धुऱ्यावर तीळ. एक तुकडा ज्वारीचा, तो खायचा म्हणून राखलेला. निंदायला गेलेली बाई घरी येताना ओट्यात तरोट्याची, तांदुळक्याची, चिवळीची भाजी घेऊन यायची. ती पेरलेली नव्हती आणि विकतही घेतलेली नव्हती.

आज वावर बघा. सोयाबीन आणि कापूस. सोयाबीन आपण खात नाही, ते तेलाच्या कारखान्यात जाते. ज्वारी पेरली तर रानडुकरं ठेवत नाहीत, पाखरं ठेवत नाहीत, आणि कापणीला मजूर भेटत नाही. मीही पेरणं सोडलं आहे, त्यामुळे दुसऱ्याला नावं ठेवण्याचा अधिकार मला नाही. तणनाशक आलं आणि त्यानं तण मारलं, पण त्या तणात भाजी होती. निंदणाची मजुरी वाचली, भाजी गेली. तूर होते, पण ती देणेकऱ्यासाठी व्यापाऱ्याकडे जाते आणि पावसाळ्यात तीच डाळ आपण पाव-पाव किलो दुकानातून आणतो. तोपर्यंत डाळीचं वरण पातळ होत होत त्यातून ताटाचा तळ दिसायला लागते.

भाकरीच्या जागी राशनचा तांदूळ आला. भारतीय अन्नघटकांच्या तक्त्यात १०० ग्रॅम ज्वारीत जवळपास ४ मिलीग्रॅम लोह दाखवलं आहे, पॉलिश केलेल्या तांदळात १ मिलीग्रॅमही नाही. म्हणून सरकारने राशनच्या तांदळात लोह, फोलिक ॲसिड आणि बी-१२ घातलेले दाणे मिसळायला सुरुवात केली, साध्या १०० दाण्यांत असा एक. हा दाणा थोडा वेगळ्या रंगाचा दिसते, धुताना कधी वर तरंगते. गावात बोलबाला झाला की हा प्लास्टिकचा तांदूळ आहे. बाया सुपात घेऊन एक-एक दाणा निवडून फेकून देतात. जे टाकायचं नाही तेच निवडून टाकलं जाते. हा दाणा तांदळाच्याच पिठाचा असते, त्याला ठेवावं, आणि भात शिजवताना जास्तीचं पाणी ओतून देऊ नये.

आता लोह वाढवण्याचे घरगुती उपाय म्हणून जे सांगितले जातात त्याबद्दल. बीट लाल आहे म्हणून रक्त वाढते हा गैरसमज आहे. गुळात लोह असते, पण एक खडा खाऊन ८ चा ११ होत नाही. डाळिंब, खजूर चांगलेच, पण ते इथं कोणाच्या परवडीचे आहेत? आपल्याकडं जे खरंच उपयोगी आहे ते असं : शेवग्याचा पाला, अंबाडी, तांदुळका, तीळ, आळीव, बरबटी, हरभरा, मसूर, आणि चालत असेल तर अंडी, मटण, कलेजी, मासे. मांसातलं लोह अंगाला सोपं लागते, पालेभाजीतलं कमी लागते. त्या भाजीवर लिंबू पिळलं, सोबत आवळा किंवा जांब खाल्ला तर ते जास्त लागते. उलट जेवणावर लगेच लाल चहा घेतला तर लोहाचा मोठा भाग वाया जाते. आपल्याकडे सकाळची भाकर बहुतेक वेळा चहासोबतच खातात. चहा सोडा असं मी सांगणार नाही, मलाच जमत नाही. जेवणानंतर तास-दीड तास थांबा, एवढं करता येते. भाजी लोखंडी कढईत केली तर थोडं लोह तिच्यातूनही उतरते. ॲल्युमिनियमच्या गंजातून काही उतरत नाही.

खर्ऱ्याचा विषय टाळून चालणार नाही. सुपारी, तंबाखू, चुना घोटून पन्नीत बांधलेला खर्रा पानठेल्यावर मिळते आणि तो फक्त पुरुष खातात असं समजू नका. शेतात भूक मारायला बायाही तोंडात ठेवतात. भूक मेली की जेवण कमी, आणि तंबाखूने बाळाचं वजन कमी भरते. गरोदर बाई खर्रा खाते हे डॉक्टरपुढे कोणी सांगत नाही, आणि विचारलंही जात नाही.

शेवटची जेवणारी, पहिली उठणारी

ताटात काय आहे याहून ते कोणाच्या ताटात आहे, हा मोठा प्रश्न आहे. घरात एक अंडं असेल तर ते पोराला किंवा नवऱ्याला. वरणाचा दाट भाग आधी वाढला जाते, सून शेवटी बसते. यात कोणी दुष्ट नसते. सासूनेही असंच केलेलं असते. त्यात एक समजूत अशी की गरोदर बाईनं जास्त खाल्लं तर बाळ मोठं होते आणि बाळंतपण जड जाते. दवाखाना दूर आणि रस्ता खराब असताना ही भीती अगदी वेडगळ होती असं मी म्हणत नाही. पण आज त्याचा परिणाम उलटा होते. कमी खाल्ल्यानं बाळ कमी वजनाचं आणि आई अशक्त, आणि तीच बाळंतपणात जास्त धोक्यात.

काम तर थांबतच नाही. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत वेचणी. वेचणीची मजुरी किलोवर असते, म्हणून सातवा महिना असो की आठवा, बाई कमरेला ओटा बांधून तासन् तास वाकलेली असते. जेवढा कापूस तेवढेच पैसे. बसली तर बुडाले. शहरातल्या नोकरदार बाईला बाळंतपणाची सुटी आहे, शेतमजूर बाईला ती कोण देणार? मजुरी बुडवून तपासणीला जाणं म्हणजे दिवसाचा रोज आणि ऑटोचं भाडं, दोन्ही गेले. दर महिन्याच्या ९ तारखेला ‘प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियाना’त गरोदर बायांची तपासणी असते, २०१६ पासून. पण ९ तारीख भर वेचणीत आली तर ओळ लागते ती वावरात, दवाखान्यात नाही.

अंगणवाडीतल्या जेवणाचंही तसंच. आदिवासी क्षेत्रात येणाऱ्या गावांत २०१५ पासून ‘डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना’ आहे. गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं पूर्ण जेवण, भाकर किंवा पोळी, भात, डाळ, भाजी, अंडं किंवा केळी. योजना चांगली आहे. पण जेवण दुपारी आणि बाई नऊलाच वावरात. मग डबा घरी जाते आणि संध्याकाळपर्यंत त्यातलं अंडं लेकरानं खाल्लेलं असते. ज्या गावात अंगणवाडीताईनं बायांना विचारून वेळ थोडी मागेपुढे केली, तिथं बाया बसून जेवतात. हे शासन निर्णयाविना होण्यासारखं काम आहे.

आणि दारू. नवऱ्याच्या हातात वेचणीचा हप्ता पडला तर त्यातला किती घरी येते, हे प्रत्येक गावाला माहीत आहे. त्यावर मी जास्त लिहीत नाही.

पोडावर

आपला तालुका तेलंगणाच्या सीमेवरचा. गोंड, परधान आणि कोलाम समाज इथं मोठ्या संख्येनं आहे. कोलाम हा महाराष्ट्रातल्या तीन अतिमागास आदिम जमातींपैकी एक, कातकरी आणि माडिया गोंड या बाकीच्या दोन. कोलामांची वस्ती म्हणजे पोड, गावापासून वेगळी, बहुतेक टेकडीच्या किंवा जंगलाच्या कडेला. पावसाळ्यात नाला आला की पोड तुटते. आशाताईला तिथं पायी जावं लागते आणि गोळ्यांच्या फायद्याचं भाषण ती मराठीत करते. घरातली म्हातारी कोलामी बोलते. निर्णय म्हातारीचा असते. ज्या पोडावरची पोरगीच आशा किंवा मदतनीस झाली तिथं फरक पडलेला दिसते, कारण ती चुलीजवळ बसून बोलते.

सीमेपलीकडे कामाला जाणारी कुटुंबं असतात. गरोदर बाई सोबत जाते, कार्ड इकडे राहते, गोळ्या इकडे राहतात. आठव्या महिन्यात ती परत येते तेव्हा तिचा आकडा कोणालाच माहीत नसते. जाताना कार्ड आणि दोन महिन्यांच्या गोळ्या सोबत बांधून देणं एवढं साधं काम आहे. तेलंगणातल्या सरकारी दवाखान्यातही तपासणी होते.

कुमारी मातांचा प्रश्न झरी जामणीच्या नावासोबत वर्तमानपत्रांत बरीच वर्षं गाजला. बाहेरून माणसं आली, फोटो काढून गेली. त्यावर इथं एवढंच लिहायचं की अशा मुलीची नोंद सगळ्यात उशिरा होते. पोट लपवलं जाते, म्हणजे तपासणी लपते, गोळी लपते. मुलगी १८ च्या आतली असेल तर दवाखान्याला पोलिसांना कळवावं लागते, या भीतीनं घरचे दवाखान्याकडे फिरकतच नाहीत. फसवणारा मोकळा आणि सातव्या महिन्यात ६ हिमोग्लोबिन घेऊन पोरगी कोपऱ्यात. लग्न झालेलं नसलं तरी तपासणी, गोळ्या, अंगणवाडीचा आहार यावर तिचा पूर्ण हक्क आहे. ‘प्रधानमंत्री मातृवंदना योजने’तही आता नवऱ्याचं आधार कार्ड सक्तीचं राहिलेलं नाही. कोणी कागद मागून परत पाठवलं तर गप्प बसू नये.

गोळी पोटात का जात नाही

आमच्या घरचीच गोष्ट सांगतो. दुसऱ्या वेळेस बायकोचा आकडा ८ च्या थोडा वर निघाला. गोळ्या मिळाल्या. तिने तीन दिवस खाल्ल्या, मळमळ झाली, शौचाला काळं झालं. ती घाबरली. माय म्हणाली, “आमच्या टायमाले कोनी गोया खाल्ल्या? तुमी जन्मले नाई का?” गोळ्या डब्यात गेल्या. मीही काही बोललो नाही, कारण मला वाटलं काळी शौच म्हणजे आत काही बिघडलं. ज्यानं गोळ्या दिल्या त्यानं हे आधी सांगितलं नव्हतं. नवव्या महिन्यात धावपळ करून सलाइनमधून औषध द्यावं लागलं. बाळ दोन किलोच्या थोडं वर भरलं. आज ते पोरगं शाळेत जाते, पण त्या रात्री दवाखान्याच्या बाहेर बसून मी काय काय विचार केले ते लिहिण्यासारखे नाहीत. बातम्या लिहिणाऱ्याच्या घरात असं होते तर बाकीच्यांना काय बोलायचं?

म्हणून हे आधीच माहीत असावं. शौच काळी होणं हे लोहामुळे, त्यात धोका नाही. मळमळ होत असेल तर गोळी रात्री झोपताना, थोडं खाल्ल्यावर घ्यावी. रिकाम्या पोटी जास्त लागते हे खरं, पण न खाण्यापेक्षा जेवून खाल्लेली बरी. पाणी किंवा लिंबू-पाण्यासोबत घ्यावी, चहा-दुधासोबत नाही. कॅल्शियमची पांढरी गोळी आणि लाल गोळी एकत्र घेऊ नये, मधात दोन तासांचं तरी अंतर पाहिजे. दोन्ही एकाच वेळी घेतल्या तर लोह लागत नाही, आणि हीच चूक सगळ्यात जास्त होते, कारण बाईला वाटते औषधं एकदाची गिळून मोकळं व्हावं. गोळीनं बाळ काळं होते हे खोटं.

लाल गोळीत ६० मिलीग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड असते. चौथ्या महिन्यापासून रोज एक, १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस. रक्त कमी असेल तर रोज दोन. चौथ्या ते सहाव्या महिन्यात जंताची एक गोळी. अनवाणी पायानं ओल्या मातीत काम करताना अंकुशकृमी तळपायातून अंगात शिरतात आणि आतड्याला चिकटून रक्त पितात. जंत तसेच ठेवून गोळ्या खाणं म्हणजे फुटक्या गुंडात पाणी भरणं.

पाण्याचाही एक मुद्दा आहे. आपल्या जिल्ह्याच्या काही भागांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. दातावर पट्टे दिसतात ते त्याचे. डॉ. ए. के. सुशीला यांनी दिल्लीत गरोदर बायांवर अभ्यास करून २०१० मध्ये दाखवलं की जास्त फ्लोराइडचं पाणी बदललं आणि आहार सुधारला तर हिमोग्लोबिन वाढते, बाळाचं वजनही सुधारते. गोळ्या नियमित खाऊनही आकडा हलत नसेल तर पाण्याची तपासणी ग्रामपंचायतीला करायला लावावी.

सिकलसेल असेल तर

विदर्भात ही तपासणी सोडून रक्ताबद्दल बोलताच येत नाही. आदिवासी आणि अनुसूचित जातींच्या समाजांत सिकलसेल जास्त आढळते. हा जन्मजात, आईबापाकडून येणारा आजार आहे, लोह कमी असल्यानं होत नाही. एकाच बाजूनं आलेला असेल तर माणूस ‘वाहक’, त्याला बहुतेक काही त्रास नसते. दोघं नवरा-बायको वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात बाळाला आजार असण्याची शक्यता चारात एक. सिकलसेल असलेल्या बाईला नुसत्या लाल गोळ्या वाढवत नेणं बरोबर नाही. तिला फोलिक ॲसिड, डॉक्टरची देखरेख आणि मोठ्या दवाखान्यात बाळंतपण लागते. लोह द्यायचं की नाही ते तपासून डॉक्टर ठरवतात. केंद्र सरकारचं सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ ला सुरू झालं, राज्यात हा कार्यक्रम त्याच्याही आधीपासून आहे. गरोदर बाईचा निकाल वाहक किंवा ग्रस्त आला तर नवऱ्याचीही तपासणी त्याच आठवड्यात करावी. इथं नवरे गायब होतात, हा अनुभव प्रत्येक नर्सबाई सांगते.

मलेरियाही रक्त खाते. ताप आला तर अंगावर काढू नये, त्याच दिवशी बोटाचं रक्त तपासून घ्यावं.

आकडा किती, दवाखाना कोणता

७ ते १०.९ असेल तर उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात काम भागते. रोज दोन गोळ्या आणि दर महिन्याला तपासणी. महिन्यात एक ग्रॅमही वाढला नाही तर वरच्या दवाखान्यात पाठवलंच पाहिजे. दिवस भरत आले असतील किंवा गोळी पचतच नसेल तर शिरेतून लोह देतात, ते डॉक्टरांच्या देखरेखीत. ५ ते ६.९ म्हणजे धोक्याचं, यात शिरेतून लोह लागते आणि शेवटचे तीन महिने चालू असतील तर भरतीच करावं लागते. ५ च्या खाली कोणताही महिना असो, लगेच भरती आणि रक्त.

रक्त कमी असलेल्या बाईला बाळंतपणात नेहमीएवढाच रक्तस्राव झाला तरी ती सांभाळू शकत नाही. १२ वाली बाई अर्धा लिटर रक्त गेल्यावरही बोलते, ६ वाली कोसळते. झरीपासून यवतमाळचं वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालय जवळपास शंभर किलोमीटर. रक्तस्राव सुरू झाल्यावर निघालेली गाडी आणि आठवडाभर आधी पोचलेली बाई यात जिवाचा फरक आहे. २०१८-२० च्या आकडेवारीत एक लाख जिवंत जन्मांमागे महाराष्ट्रात ३३ मातांचा मृत्यू नोंदला गेला, देशात ९७. राज्याचा आकडा चांगला आहे. पण त्या ३३ मध्ये कोणत्या तालुक्यातल्या जास्त असतील, हे सांगायला आकडेशास्त्र लागत नाही.

म्हणून ७ च्या खाली आकडा असलेल्या बाईच्या घरी आठव्या महिन्यातच चार गोष्टी ठरलेल्या पाहिजेत. कोणत्या दवाखान्यात जायचं, गाडी कोणती, सोबत कोण, आणि रक्त द्यायला कोणते दोन माणसं. रक्त द्यायची वेळ आली की आपल्याकडे धडधाकट पुरुष ‘मले कमजोरी येते’ म्हणून मागं सरतात. एक बाटली रक्त दिल्यानं निरोगी माणसाला काही होत नाही, तीन महिन्यांनी तो परत देऊ शकते.

पैशाचं थोडक्यात : जननी सुरक्षा योजनेत अनुसूचित जाती, जमाती आणि दारिद्र्यरेषेखालच्या ग्रामीण बाईला दवाखान्यात बाळंतपण झाल्यास ७०० रुपये. मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला दोन हप्त्यांत ५,००० रुपये, दुसरं बाळ मुलगी असेल तर ६,०००. पहिला हप्ता नोंदणी आणि तपासणीवर अवलंबून असते, म्हणून नोंद तीन महिन्यांच्या आत करावी. बँक खातं बाईच्या नावाचं आणि आधारला जोडलेलं पाहिजे, नाहीतर पैसा महिनोन्महिने अडकते. कोलाम कुटुंबांसाठी नोव्हेंबर २०२३ पासूनच्या ‘पीएम-जनमन’ योजनेत फिरत्या दवाखान्याची तरतूद आहे. आपल्या पोडावर तो कोणत्या वारी येते, हे आशाताईला विचारून वेचणीचा खाडा त्या दिवशी धरावा.

गरोदर बाईला नेण्या-आणण्यासाठी १०२, तातडीच्या वेळी १०८. दोन्ही फुकट. पोडापर्यंत गाडी येत नसेल तर ती कुठपर्यंत येते ते फोनवर आधी विचारा, आणि खाट धरायला चार माणसं तयार ठेवा.